देवळालीच्या मास्तरांची नशा

फराळाची ताटली जरा बाजूला सरकवा आणि हाताशी पेन्सिल घ्या. चार आकडी कुठलीही एक संख्या लिहा. चारही अंक सारखे तेवढे नकोत, बाकी काहीही चालेल. मी १९०५ घेतो. या संख्येचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की होतात ९५१०, आणि लहानाकडून मोठ्याकडे मांडले की ०१५९. मोठीतून लहान वजा केली : ९३५१. आता या उत्तराचीही तीच गत करायची. ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. पुन्हा, ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. आणि सातव्या वजाबाकीला, ७६४१मधून १४६७ गेले की, ६१७४. इथून पुढे जाताच येत नाही. ६१७४चे अंक उतरते मांडले तर ७६४१, चढते मांडले तर १४६७, म्हणजे झाली तीच वजाबाकी पुन्हा समोर उभी राहते.

तुम्ही लिहिलेली संख्या कुठलीही असो, जास्तीत जास्त सातव्या वजाबाकीला ती इथेच येऊन पोचते. गाडीचा नंबर घ्या, घरातल्या कुणाचे जन्मसाल घ्या. २०२५ घेतले तर सहा वजाबाक्या लागतात. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ६१७४ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. वर घेतलेले १९०५ हे त्या कापरेकरांचे जन्मसाल. ते १९८६ साली गेले. १९८६ घेऊन बसलात तर पहिल्याच वजाबाकीला ८१७२ येतात आणि पुढची सगळी वाट १९०५चीच निघते. यात अर्थ काही नाही, हे मलाही कळते. पण हे लक्षात आल्यावर मी पुढचा अर्धा तास घरातल्या सगळ्यांची जन्मसाले सोडवत बसलो होतो आणि चहा निवला होता, एवढे नोंदवून ठेवतो. कापरेकर मास्तरांचा असा अर्धा तास जवळजवळ आयुष्यभर चालला.

*

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मूळ डहाणूचे. १७ जानेवारी १९०५चा जन्म. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिष म्हटले की आकडेमोड आली. मुलाने वडिलांकडून फलज्योतिषापेक्षा ती आकडेमोड जास्त उचलली. शाळा ठाण्याला झाली. तिथे गणिती कोडी सोडवण्यात त्याचे तासन् तास जात. मग पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. तिथे असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आणि १९३०पासून देवळालीच्या शाळेत मास्तरकी, ती थेट १९६२ला निवृत्त होईपर्यंत.

बस्स, एवढेच चरित्र. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही, परदेशवारी नाही. सकाळी शाळा, उरलेल्या वेळात संख्या. गणित परिषदा भरत तेव्हा हे शाळामास्तर स्वतःच्या खर्चाने जात आणि आपले निबंध वाचत. छोट्या पुस्तिका पदरमोड करून छापत. ६१७४चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि पुढे तो 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात आला. गणितातल्या मोठ्या मंडळींनी त्याकडे मान वर करून पाहिले नाही.

आपल्या या नादाबद्दल मास्तर जे म्हणत, ते प्रसिद्ध आहे. दारुड्याला जशी त्या सुखद अवस्थेत राहण्यासाठी पीतच राहावेसे वाटते, तसे माझे संख्यांच्या बाबतीत होते, असा त्याचा आशय. लोकांना छंदाबद्दल बोलताना साधना, तपश्चर्या, ध्यास असले शब्द सुचतात. मास्तरांना दारू सुचली. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो आणि त्यात एक अडचणीचा प्रश्नही आहे. त्याकडे वळण्याआधी मास्तर नेमके कशात बुडालेले असत ते पाहू. नुसते 'ते तल्लीन होत' म्हणून भागणार नाही.

*

४५चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. म्हणजे जिथून निघालो तिथे परत. ५५चा वर्ग ३०२५. ३० अधिक २५, ५५. ९९चा वर्ग ९८०१. ९८ अधिक ०१, ९९. मोठ्यांत जायचे तर २९७चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३चा वर्ग ४९४२०९. तोडून बेरीज करा, ७०३. या कापरेकर संख्या. २०२५ साल उजाडले तेव्हा मोबाइलवर '२०२५ची जादू' म्हणून जे निरोप घरोघरी फिरले, त्यांतला २० आणि २५चा भाग देवळालीचा, हे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होते कोण जाणे.

आता दुसरा खेळ. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २ आणि १ मिळवून २४. म्हणजे २४चा जनक २१. असे प्रत्येक संख्येला कोणी तरी जनक असेल असे वाटते, पण नसते. २० कुठूनच येत नाही. हवे तर एकेक करून तपासा. ३१ नाही, ४२ नाही, ५३ नाही. या संख्यांना मास्तरांनी 'सेल्फ नंबर' म्हटले. एखाद्या टेकडीवरचे शिवलिंग जसे कोणी घडवलेले नसते, स्वयंभू असते, तशा या. आणि काही संख्यांना तर दोन-दोन जनक : १०१ ही ९१पासूनही येते आणि १००पासूनही. अशा संख्यांना त्यांनी 'जंक्शन' नाव दिले. रेल्वेच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? ११, १११, ११११ यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे चढून उतरतात. त्यावरून त्यांनी एक संख्याकुळ उभे केले आणि त्याला नाव दिले डेमलो. मुंबईपासून तीसेक मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवरचे ते स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे गाडी बदलताना त्यांना ती कल्पना सुचली होती. डोंबिवलीच्या फलाटावर आज माणसाला काय सुचत असेल ते तिथून रोज गाडी धरणाऱ्यांनीच सांगावे.

आणखी एक नाव सांगायलाच हवे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला मास्तर 'हर्षद' म्हणत. आनंद देणारी. १८ घ्या : १ अधिक ८ म्हणजे ९, आणि १८ला ९ने भाग जातो. ६१७४ही हर्षद आहे. अंकांची बेरीज १८. १८ने भागले तर ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७. गणितात नावे ठेवायचा संकेत कोरडा आहे. मूळ, पूर्ण, परिमेय, अपरिमेय. मध्येच एका शाळामास्तराने एका जातीच्या संख्यांना आनंददायिनी म्हटले आणि आज जगभर ते नाव चालते.

या सगळ्यात एक सारखेपणा दिसतो. संख्या लगेच उत्तर देते. वजाबाकी चुकली तर लगेच कळते, जमली तर त्याहून लगेच. त्यासाठी कोणा परीक्षकाची, प्रयोगशाळेची, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. आणि एक उत्तर मिळाले की त्याच्याच पोटातून पुढचा प्रश्न निघतो. चार अंकांचे असे होते, तर तीन अंकांचे काय? ४९५वर येऊन थांबते. दोन अंकांचे? तिथे मुक्कामच नाही. ८१, ६३, २७, ४५, ९, पुन्हा ८१, असे रिंगण. पाच अंकी घ्या, तिथेही रिंगणेच. वर्गात फळ्यावर हे मांडून पाहा. सहावी-सातवीतली मुले दुसऱ्या वजाबाकीनंतर मास्तरांकडे पाहायचे सोडून देतात.

हे असे का होते, त्याचेही उत्तर सुंदर आहे. चार अंकांना मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड म्हणा. वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ गुणिले (अ वजा ड), अधिक ९० गुणिले (ब वजा क), इतकेच येते. म्हणजे अंक कुठले याला किंमत नाही. टोकाच्या दोघांतले अंतर किती आणि मधल्या दोघांतले किती, एवढ्यावर सगळे ठरते. १९०५मध्ये टोकाचे अंतर ९, मधले ४. म्हणून ८९९१ अधिक ३६०, ९३५१. आता मधले अंतर टोकाच्या अंतराहून मोठे असू शकत नाही, तेव्हा अशा जोड्या मोजून ५४ होतात. १०००पासून ९९९९पर्यंतच्या संख्यांतून सारख्या अंकांच्या नऊ काढल्या तर उरतात ८,९९१. त्या सगळ्या पहिल्याच वजाबाकीला ५४ उत्तरांत येऊन पडतात. अंक तेच आणि क्रम वेगळा अशा जुळ्या बाजूला केल्या की ३०. तिथून पुढे नरसाळे आणखी अरुंद होत जाते आणि तळाशी ६१७४. गूढ उकलले. पण मजा गेली का? माझी तरी गेली नाही.

*

देवळालीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. नाशिकजवळचे हे गाव कोरड्या हवेसाठी प्रसिद्ध. मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांचे बंगले, आरोग्यधामे आणि तोफखान्याचे केंद्र. इंग्रजांनी १८६०च्या दशकात इथे लष्करी छावणी उभारली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे थांबायचे. पण बोटी सुटायच्या नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, त्याने सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा इथे काढायचा. कवायत नाही, पहारा नाही, काम नाही. माणसे दारू प्यायची, मारामाऱ्या करायची, आजारी पडायची, भ्रमिष्टासारखी वागायची. इतकी, की डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत आजही 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द या गावाच्या नावावरून गेला.

त्याच गावात, तीच हवा खात, एका शाळामास्तराला बत्तीस वर्षे वेळ पुरला नाही.

शिपायांकडे रिकामा वेळ होता, पगार होता, डोक्यावर छप्पर होते, घरी जायची आशा होती. नव्हते ते एकच : ज्यात डोके घालावे असे काही. आपल्याकडे निवृत्त झालेल्या माणसाला 'आता आराम करा' असे सांगायची पद्धत आहे. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो सल्ला छावणीतला आहे.

*

१९७५ साली अमेरिकेत दोन गोष्टी छापल्या गेल्या, एकमेकींचा पत्ता नसलेल्या. मार्च महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या गणिती खेळांच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या संख्यांबद्दल लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. जे नाव देशातल्या गणितज्ञांनी गंभीरपणे घेतले नव्हते ते एकदम सगळीकडे पोचले. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातल्या मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाचे पहिले महत्त्वाचे पुस्तक आले. हा माणूस हंगेरियन कुटुंबातला, १९३४चा जन्म, गाव फ्युमे, जे आता क्रोएशियात रिएका नावाने आहे. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूची प्रतिष्ठित, शहाणीसुरती माणसे नोकरी-घर-मान गमावताच आतून कोसळताना त्याने लहानपणी पाहिली. स्वतः इटलीतल्या बंदिछावणीत असताना त्याला बुद्धिबळ सापडले. पटासमोर बसले की छावणी नाहीशी होई. पुढे शिकागोत शिकताना तो चित्रकारांचे निरीक्षण करत होता. ही मंडळी चित्र चालू असताना भूक, थकवा, थंडी सगळे विसरायची, आणि चित्र पुरे झाले की ते भिंतीला टेकवून ठेवून दुसरे सुरू करायची. पुऱ्या झालेल्या चित्राकडे ढुंकूनही बघायची नाहीत. मग चित्रकार चित्रासाठी राबतो असे आपण म्हणतो त्याचे काय? त्याने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक, नर्तक, संगीतकार, बास्केटबॉल खेळणारे अशा कितीकांना विचारले. कामे निराळी, पण वर्णन एकच निघाले. वेळेचे भान जाते. 'मी' नावाचा माणूस थोडा वेळ घरी नसतो. पुढचे पाऊल कुठले ते स्पष्ट दिसते, टाकलेले बरोबर पडले का ते लगेच कळते, आणि काम आपल्या कुवतीच्या इतके लगत असते की जरा सोपे असते तर कंटाळा आला असता, जरा अवघड असते तर भीती वाटली असती. त्याने त्याला 'फ्लो' नाव दिले. कापरेकरांची वही त्याने कधी पाहिली असेल असे वाटत नाही. पण हे सगळे वर्णन त्या वहीला लागू पडते.

चिक्सेंटमिहायच्या सगळ्या संशोधनात मला सर्वांत जास्त चपखल वाटतो तो पेजरचा प्रयोग. शिकागो परिसरात निरनिराळ्या नोकऱ्या करणाऱ्या शंभराहून अधिक स्त्री-पुरुषांना पेजर दिले. आठवडाभर, दिवसातून आठ वेळा, केव्हाही ते वाजायचे. वाजले की त्या क्षणी काय करतो आहोत आणि कसे वाटते आहे ते लिहायचे. नोंदी तपासल्या तर दिसले, की प्रत्यक्ष काम करत असताना ही माणसे निम्म्याहून अधिक वेळा या गढून गेलेल्या अवस्थेत होती. फुरसतीत, टीव्हीसमोर किंवा गप्पा मारताना, पाचातून एकदाही नाही. आणि तरी कामावर असताना त्यांना सुटावेसे वाटत होते आणि फुरसतीत ते आणखी फुरसत मागत होते. 'काम' म्हटले की आपण स्वतःच्या अनुभवापेक्षा त्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो. हे वाचल्यावर मला आपल्याकडच्या बँकांतली, कचेऱ्यांतली ती माणसे आठवली ज्यांना हिशेब जुळवण्यात खरोखर रस असतो. पण चारचौघांत ती बाकीच्यांबरोबर 'कधी एकदा शनिवार येतो' असेच म्हणतात.

*

आता मास्तरांच्या त्या दारूकडे येऊ.

अमेरिकेत नताशा डाऊ शुल या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने लास व्हेगासमधल्या जुगारयंत्रांवर वर्षानुवर्षे काम केले. २०१२ साली तिचे पुस्तक आले. त्यात यंत्रासमोर बसणारी माणसे सांगतात की आम्ही जिंकायला खेळत नाही. खेळत राहायला खेळतो. तिथे बसले की वेळ नाही, घर नाही, कर्ज नाही, शरीर नाही. वर चित्रकारांचे वर्णन वाचलेत, ते याच्या शेजारी ठेवा. शब्दसुद्धा सारखे. पुढचे पाऊल स्पष्ट, उत्तर तत्काळ, 'मी' गायब. आपल्याकडे लांब जायला नको. ऑनलाइन रमीत बुडालेली पोरे आणि त्यांची बुडालेली घरे इतकी झाली, की २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. म्हणजे तल्लीन होणे ही आपोआप चांगली गोष्ट नव्हे. 'ज्यात मन रमेल ते करा, सुखी व्हाल' असे सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी रमीच्या व्यसनमुक्तीला आलेल्या एखाद्याच्या आईसमोर हे वाक्य म्हणून बघावे.

मग मास्तरांच्या नशेत आणि या नशेत फरक काय? मला दिसतो तो असा. यंत्रासमोर दहा वर्षे बसलेला माणूस यंत्राबद्दल पहिल्या दिवसाहून फारसे जास्त जाणत नाही. उत्तर तत्काळ येते खरे, पण ते त्याच्या कृतीचे उत्तर नसते. ते यंत्रात आधीच घातलेले असते. कापरेकरांचे तसे नाही. कालच्या बैठकीत काय सापडले ते आज वहीत आहे, आणि आजचा प्रश्न कालच्याहून एका पायरीने वर आहे. वर्गांचे तुकडे पाडणारा माणूस पुढे ज्यांना जनकच नाही अशा संख्यांपाशी पोचतो, आणि निवृत्तीनंतरच्या वर्षी, १९६३ साली, त्यांवर स्वतंत्र पुस्तिका काढतो. दारुड्याची सकाळ रिकामी असते. मास्तरांनी स्वतःला दारुड्याची उपमा दिली ती सुखापुरती. हिशेब त्यांनी चोख ठेवला होता.

दुसरा आक्षेप गणितज्ञांचा, आणि तो तोडीस तोड आहे. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या जी. एच. हार्डी यांनी १९४० साली गणिताच्या सौंदर्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात खरे गणित कशाला म्हणू नये याचे उदाहरण म्हणून त्यांनी दिले, की चार आकडी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत, ज्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत : ८७१२ म्हणजे २१७८च्या चौपट, ९८०१ म्हणजे १०८९च्या नऊपट. असली नवलाई वर्तमानपत्रातल्या कोड्यांना ठीक, तिच्यात गणितज्ञाचे मन रमावे असे काही नाही, असा त्यांचा निकाल. तिच्यात खोली नाही, व्यापकता नाही. आणि निवडलेली संख्या कोणती, तर ९८०१. ९९चा वर्ग. ९८ अधिक ०१. देवळालीत याच संख्येत एक माणूस हर्षभरित होत होता.

हार्डींचे म्हणणे चूक नाही. ६१७४मुळे गणिताची कुठलीही मोठी शाखा उभी राहिली नाही. संगणकाचे धडे गिरवणाऱ्या मुलांना तो सराव म्हणून देतात. सेल्फ नंबरांवर नंतर काही सिद्धता झाल्या, इतकेच. कापरेकरांना 'उपेक्षित रामानुजन' करून टाकायची आपली हौस त्यांच्यावर अन्याय करते, कारण मग त्यांचे मोठेपण रामानुजनच्या मापाने मोजले जाते आणि ते तोकडे पडते. पण हार्डी ज्या प्रश्नाचे उत्तर देत होते तो प्रश्न मास्तरांचा नव्हताच. गणित किती खोल आणि ते करणाऱ्याचे सुख किती खोल, हे दोन वेगळे हिशेब आहेत. हार्डींनी ते पुस्तक लिहिले तेव्हा त्यांची सर्जनशक्ती ओसरली होती, आणि त्या पुस्तकात त्याची खिन्नता पानोपानी आहे. अत्युच्च गणित हातून गेल्यावर त्यांना जगण्यात फारसे काही उरले नाही. शेवटच्या वर्षी त्यांनी आयुष्य संपवायचाही प्रयत्न केला. मास्तरांच्या गणिताला तरुणाच्या धारदार बुद्धीची तशी गरज नव्हती. म्हातारपणी वजाबाकी येत असली की पुरे होते. कमी दर्जाच्या छंदाचा हा फायदा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

*

सगळेच इतके स्वस्तात सुटत नाहीत. वि. का. राजवाड्यांनी पेशवाईतली कागदपत्रे शोधत, दप्तरे धुंडाळत महाराष्ट्र पालथा घातला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ला आला, आणि एकूण बावीस झाले. पत्नी तरुणपणीच वारली, पुन्हा संसार केला नाही. माणसांशी जमायचे कमी, बिनसायचे जास्त. १९१०मध्ये स्वतःच उभ्या केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशीही पटेनासे झाले आणि शेवटची वर्षे धुळ्याला गेली. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर जुन्या कागदांचे रुमाल सोडताना हा माणूस सुखी असणार यात मला शंका नाही. पण त्यांच्या शेजारी राहायला मला आवडले असते का, हे सांगणे कठीण आहे.

पुण्याचे दिनकर केळकर दुसऱ्या प्रकारचे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या या गृहस्थांनी गावोगावचे दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दारे, वाद्ये, बायकांच्या फण्या आणि कुंकवाचे करंडे असे वीस हजारांच्या घरात जमवले. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा तिथून उचलून आणून नव्याने उभा केला. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. या वस्तूंच्या संग्रहालयाला त्याचे नाव आहे. संग्रहात त्यांच्या पत्नीची, कमलाबाईंची, साथ होती, आणि हे महत्त्वाचे आहे. एक जण बुडालेला आणि बाकीचे काठावर भांडी घासत, अशी या कथांची नेहमीची मांडणी असते, आणि चरित्रकार ती भांडी पाहत नाहीत. 'त्यांना जेवणाचेही भान नसे' हे वाक्य चरित्रात आले की मी आता थांबतो. ताट वाढून ठेवणारे, झाकून ठेवणारे, पुन्हा गरम करणारे कोणी तरी त्या वाक्यात असते आणि त्याला नाव नसते.

*

आजच्या आईबापांना या सगळ्याचे काय करावे ते कळत नाही, असे दिसते. मुलाला कशात तरी गोडी लागलेली दिसली की तिसऱ्या दिवशी त्याचा क्लास लागतो. सहाव्या महिन्यात परीक्षा, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र आणि भिंतीवर फोटो. चित्र काढणाऱ्या पोराला एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवायचे, कारण ग्रेडचे जादा गुण दहावीला मिळतात. हे चूक आहे असे कसे म्हणू? गुणांवर प्रवेश अडतो.

पण १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या ५१ मुलांवर केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. आपण होऊन रंगीत पेनांनी चित्रे काढत बसणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा पेने ठेवली. बक्षिसाच्या कबुलीवर चित्र काढलेली मुले आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ पेनांपाशी गेली. ज्यांना अवचित बक्षीस मिळाले किंवा मिळालेच नाही, ती पूर्वीसारखीच रंगत राहिली. म्हणजे बक्षिसाने बिघडले नाही. बक्षिसासाठी करण्याने बिघडले.

या हिशेबाने कापरेकर नशीबवान म्हणायचे. १९२७च्या पारितोषिकानंतर जवळजवळ अर्धशतक त्यांना कोणी काही कबूल केले नाही, त्यामुळे त्यांच्या वजाबाक्या शेवटपर्यंत त्यांच्याच राहिल्या. मात्र हे म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. निवृत्तीनंतरचे पेन्शन पुरत नव्हते आणि मास्तरांना घर चालवण्यासाठी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. संख्यांनी त्यांना आनंद दिला, भाजीचे पैसे दिले नाहीत. पदरचे पैसे घालून परिषदेला येणाऱ्या शाळामास्तराला निदान गाडीभाडे द्यावे, एवढे कोणाला सुचले असते तर त्यांच्या तल्लीनतेला त्याने काही धक्का बसला नसता.